घाटातले खाणे : शिदोरीपासून फोच्या वाडग्यापर्यंत

'बाहेर जेवायला जाणे' हा शब्दप्रयोग आज सुट्टी, वाढदिवस, पाहुणे यांच्याशी जोडलेला आहे. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पांढरपेशा मराठी घरात मात्र 'तो बाहेरचे खातो' हे वाक्य एखाद्याच्या चारित्र्याविषयीचे विधान होते. पुण्या-मुंबईत आता व्हिएतनामी पदार्थ देणारी लहानशी, चार-सहा टेबलांची उपाहारगृहे निघाली आहेत. तेथील तरुण मंडळी 'फो' नावाचे सूप समोर घेऊन बसतात आणि ते कोणी रांधले, कशात शिजवले, शेजारच्या टेबलावर कोण आहे, असे प्रश्न त्यांच्या मनाला शिवत नाहीत. या दोन टोकांमधले अंतर मराठी समाजाने कसे कापले, हे पाहायला बोरघाटासारखी जागा नाही. घाटात थांबावे लागते आणि थांबलेल्या माणसाला भूक लागते.

जुन्या प्रवासाची शिदोरी नीट पाहिली तर तिच्यात एक अख्खे शास्त्र बांधलेले दिसते. पाण्यात शिजलेले अन्न, विशेषतः भात, लवकर 'विटाळते'. तुपातेलात तळलेले, कोरडे भाजलेले किंवा दुधात भिजवलेले त्या मानाने निर्धोक. प्रवासाला दशम्या नेत त्या केवळ टिकतात म्हणून नव्हे. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवले की खरकट्याचा दोष सौम्य होतो, अशी समजूत होती. म्हणजे पदार्थाची कृतीच मुळी स्पर्शाच्या भयाने ठरलेली. भूक, चव आणि पोषण यांच्या जोडीला पाणी हा चौथा घटक प्रत्येक घासात मोजला जात होता. ज्यांना हा विचार परवडत नव्हता, ते भाकरी आणि कांदा फडक्यात बांधून चालत. त्यांच्या खाण्याचे वर्णन मात्र फारसे कोणी लिहून ठेवले नाही.

बोरघाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये गव्हर्नर माल्कमच्या काळात खुला झाला. रेल्वे खालून खोपोलीपर्यंत १८५६ मध्ये आली आणि वरून पुणे ते खंडाळा हा भाग १८५८ मध्ये सुरू झाला. मधला घाट तेवढा राहिला. तो पुरा होईपर्यंत, म्हणजे १८६३ पर्यंत, मुंबईहून पुण्याला जाणारा उतारू खोपोलीस उतरे, पालखीने, तट्टावरून किंवा गाडीने घाट चढे आणि खंडाळ्याला पुन्हा आगीनगाडीत बसे. आजच्या प्रवाशाला खंडाळा हे खिडकीतून पाहण्याचे धुके आहे. त्या पाच वर्षांत ते एका लोहमार्गाचे शेवटचे स्थानक होते.

याच काळात घाटात दुसरे एक गाव वसले होते, बोगदे खोदणाऱ्यांचे. कामाच्या ऐन भरात तेथे चाळीस हजारांहून अधिक मजूर होते. पटकीच्या साथीने त्यांच्यातले किती गेले, याची नावानिशी नोंद कोण ठेवणार? १८५९ मध्ये कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात येताच आजाराने मरण पावला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालवून काम तडीस नेले. हा प्रसंग रेल्वेच्या इतिहासात आवर्जून सांगितला जातो, आणि सांगावा असाच आहे. पण इतक्या माणसांनी रोज काय खाल्ले, हा प्रश्न कादंबरीकारालाही सुचू नये याचे नवल वाटते. लोणावळ्याच्या चिक्कीचे मूळ या मजुरांना विकल्या जाणाऱ्या गूळ-शेंगदाण्याच्या गुडदाणीत आहे, अशी आख्यायिका तेथे सांगतात. ती खरी असो वा नसो, पदार्थाचा स्वभाव तिला पूरक आहे. गूळ, शेंगदाणे, विस्तव. पाण्याचा संबंध जवळजवळ नाही. चिक्की कोणीही करावी, कोणीही विकावी, कोणत्याही जातीच्या माणसाने खिशात टाकावी. विटाळाच्या नियमांना न दुखावता अनोळखी माणसांमध्ये फिरू शकेल असाच हा पदार्थ होता. घाटातली चिक्की एवढी फळफळली त्यात या सोयीचा वाटा असावा, असे मला वाटते.

रेल्वेने माणसे एका बाकावर बसवली, पण एका पंगतीत बसवली नाहीत. स्थानकांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' असे वेगळे रांजण पुढे अनेक दशके टिकले. लोणावळ्याच्या संदर्भात तर एक प्रसंग असा आहे की तो मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचलेला असतो, पण स्थळाकडे मात्र त्याचे लक्ष जात नाही. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. पाहुण्यांत रानडे होते, टिळक होते. कोणी चहा घेतला, कोणी नुसता हातात धरला. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव यांनी ही नावे 'पुणेवैभव'मध्ये छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. पुढे १८९२ मध्ये रानडे लोणावळ्याला मुक्कामास असताना मित्रांच्या आग्रहाने पुण्यास गेले आणि त्यांनी प्रायश्चित्त घेतले. रमाबाई रानडे यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात ही हकीकत सांगितली आहे, आणि हा निर्णय त्यांनाही सहज पटला नव्हता.

आपण हा प्रसंग सुधारक विरुद्ध सनातनी अशा चौकटीत शिकवतो. परंतु वस्तू म्हणून त्या चहाकडे पाहा. ख्रिस्ती हातांनी उकळलेले पाणी, बरोबर पावाच्याच कुळातले बिस्किट. दशमीने जे टाळले होते, ते सगळे एका पेल्यात एकत्र आले होते. हवापालटासाठी घाटावर बंगला घेऊन राहण्याइतके आधुनिक झालेले माणूस, आगीनगाडीत बसून, पाण्याच्या एका पेल्याची शुद्धी करून घ्यायला निघते. प्रवासाचे साधन बदलले, पण गिळण्याचे नियम बदलले नव्हते.

ते बदलले कोणी? इराण्यांनी, असे उत्तर मुंबईकर चटकन देतो, आणि ते बरेचसे खरे आहे. इराण्याचा ब्रून-मस्का आणि चहा जात विचारत नसे. स्त्रियांसाठी आतल्या बाजूला 'फॅमिली रूम' असे, हाही इतिहासच. पण दुसरीकडे 'ब्राह्मणांचे उपाहारगृह' अशा पाट्याही रंगत होत्या. बाहेर खाण्याची हौस भागवायची आणि घरचे सोवळेही सांभाळायचे, अशी ती व्यवस्था होती. या पाट्यांच्या समोर कोल्हापूरचे एक हॉटेल ठेवले पाहिजे. पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी चहाचे दुकान काढायला मदत केली आणि स्वतः तेथे जाऊन चहा घेतला, बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावला. पंचहौदचा चहा प्रायश्चित्ताने धुतला गेला. कोल्हापूरचा चहा राजाने पाजून मान्य करवून घेतला. आपल्या पाठ्यक्रमात पहिला असतो, दुसरा क्वचित येतो.

संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांचा नावाने उल्लेख आहे. विहिरी आणि तलावांच्या पंक्तीला हॉटेल येऊन बसावे, यावरून त्या जागेचे महत्त्व घटनाकारांना किती जाणवले होते ते कळते. आणि तरी, शरणकुमार लिंबाळे यांच्या १९८४ च्या 'अक्करमाशी'मध्ये चहाच्या दुकानात अस्पृश्यांसाठी वेगळी ठेवलेली कपबशी आहे आणि तिच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार द्यायला गेलेली दोन मुले आहेत. वर्गात हा भाग वाचताना विद्यार्थी गप्प होतात. हॉटेल हे मुक्त अवकाशाचे प्रतीक आहे, असे लिहिण्याआधी त्या कपबशीकडे एकदा पाहावे.

घाटाकडे परत येऊ. चढावर गाडीला मागून रेटा देण्यासाठी कर्जतला जादा इंजिने जोडावी लागत. तेवढ्या मिनिटांत फलाटावर दिवाडकरांचा बटाटेवडा खपत असे. पिढ्यान्‌पिढ्या पुणे-मुंबई करणाऱ्यांच्या स्मरणात कर्जत म्हणजे ती इंजिने आणि तो वडा. दोन्ही टोकांना इंजिन असलेल्या काही गाड्यांना आता त्या जोडणीची गरज उरलेली नाही. वडाही तळलेला, म्हणजे जुन्या शास्त्रात बसणारा. त्याला पाव जोडला गेला आणि शास्त्राच्या दृष्टीने तो भ्रष्ट झाला. पण तोवर पावाचा धर्म कोणी विचारीनासे झाले होते. लक्षात घ्यावे की चिक्की काय, वडा काय, घाटातले नामवंत पदार्थ कोरडे, हातात धरून, उभ्याने किंवा खिडकीतून घेऊन खाण्याचे आहेत. परक्यासमोर बसून, परक्याने शिजवलेले पातळ अन्न चमच्याने खाणे ही त्यापुढची पायरी. १९९८ च्या 'गुलाम'मधल्या गाण्याने खंडाळ्याला उनाड सहलीचे नाव करून टाकले, २००२ पर्यंत द्रुतगती मार्ग पुरा झाला, आणि घाटात थांबणे सक्तीचे न राहता हौसेचे झाले. ही पायरी बहुतेकांनी त्यानंतर नकळत ओलांडली.

फो या पदार्थाकडे या दृष्टीने पाहिले तर तो जुन्या सोवळ्याचे संपूर्ण उलट टोक आहे. तासन्‌तास उकळलेल्या हाडांचे पाणी, त्यात तांदळाच्या शेवया, वर मांसाचे पातळ काप आणि ओला पाला. त्याचा उच्चार 'फ' लांबवून केल्यासारखा आहे, पण आपल्याकडे 'फो'च रूढ होणार. तो फार प्राचीनही नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी उत्तर व्हिएतनाममध्ये, हनोई आणि नाम दिन्ह या भागांत, तो कावडीवरून विकला जाऊ लागला. फ्रेंच सत्तेमुळे गोमांसाचा खप वाढला आणि हाडे स्वस्तात मिळू लागली, हे त्याचे एक कारण सांगतात. १९५४ च्या फाळणीत उत्तरेतून दक्षिणेत गेलेल्या लाखो लोकांनी तो सायगावला नेला, आणि १९७५ नंतरच्या निर्वासितांनी जगभर. युद्धकाळात मांस मिळेना तेव्हा हनोईतील लोकांनी बिनमांसाच्या फोला 'बिनवैमानिकाचा फो' असे नाव दिले होते, वर घिरट्या घालणाऱ्या अमेरिकी टेहळणी विमानांवरून. सायगावच्या एका फोच्या दुकानात खाली अमेरिकी सैनिक जेवत आणि वरच्या मजल्यावर १९६८ च्या तेत हल्ल्याची आखणी होत असे. आपल्या गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलाइतकाच तो वाडगाही राजकारणात बुडालेला आहे.

महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे, तेव्हा येथे फो मिळतो तो बहुधा कोंबडीचा किंवा भाज्यांचा. 'व्हेज फो' हा शब्द वाचून जाणकार हसतात. पण व्हिएतनाममध्ये बौद्ध गृहस्थ चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस वर्ज्य करतात, आणि त्या दिवसांसाठी तेथे बिनमांसाचा फो केला जातो. त्याला 'फो चाय' म्हणतात.