स्पार्क, मुंबई

स्पार्क : शहरी गरिबांच्या निवाऱ्याच्या हक्कासाठी काम करणारी मुंबईतील स्वयंसेवी संस्था. पूर्ण नाव ‘सोसायटी फॉर द प्रमोशन ऑफ एरिया रिसोर्स सेंटर्स’. स्थापना १९८४. शीला पटेल या संस्थापक-संचालक. प्रेमा गोपालन याही संस्थापकांपैकी एक. ‘नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन’ ही झोपडपट्टीवासीयांची संघटना आणि ‘महिला मिलन’ हे वस्त्यांमधील बायकांच्या बचतगटांचे जाळे यांच्याशी संस्थेची सुरुवातीच्या वर्षांपासून युती आहे. ज्यांच्या श्रमावर शहर चालते त्यांना शहराच्या जमिनीत, पाण्यात आणि नियोजनात न्याय्य वाटा मिळाला पाहिजे, आणि त्यासाठी लागणारी माहिती व निर्णय त्यांच्याच हाती असले पाहिजेत, ही या युतीची भूमिका.

पार्श्वभूमी : महाराष्ट्र शासनाने १९७६ मध्ये मुंबईतील झोपडपट्ट्यांची गणना करून रहिवाशांना फोटोपास दिले. पदपथावर राहणारी कुटुंबे या गणनेतून वगळली गेली. झोपडीवाल्याला निदान कागदाचा आधार मिळाला. फुटपाथवरच्या माणसाला तोही मिळाला नाही. जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी पदपथवासीयांना हटवून मूळ गावी परत पाठवण्याची घोषणा केली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतरांनी त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, हे तत्त्व त्यात मान्य झाले. मात्र रीतसर नोटीस देऊन पदपथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकारही कायम राहिला. पाडकामाची टांगती तलवार त्यामुळे दूर झाली नाही.

पदपथांची मोजणी : भायखळ्याच्या पदपथांवर राहणाऱ्या बायकांबरोबर स्पार्कचे काम याच काळात सुरू झाले. महापालिकेच्या दवाखान्याच्या आवारातील एक गॅरेज हे संस्थेचे पहिले बसण्याचे ठिकाण. पाडकामाला तोंड कसे द्यायचे याचा विचार करताना एक गोष्ट ठळकपणे पुढे आली : या माणसांविषयी शहराकडे कसलीच नोंद नव्हती. मग संस्थेने आणि वस्तीतल्या लोकांनी मिळून घराघराची मोजणी केली. सुमारे ६,००० कुटुंबे आणि २७,००० माणसे तीत नोंदली गेली. ‘वुई, द इनव्हिजिबल’ या नावाने हा अहवाल १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. देशातील अत्यंत गरीब जिल्ह्यांतून आलेली ही कुटुंबे कामावर पायी जाता यावे म्हणून पदपथावर राहतात आणि अत्यल्प मोबदल्यात शहराची कामे करतात, हे त्यातून आकडेवारीनिशी दिसले. पुढे झोपडपट्ट्यांत, रेल्वेमार्गालगत आणि इतर शहरांत ही पद्धत वापरली गेली. रहिवाशांनी स्वतः केलेली गणना हे युतीचे सर्वांत महत्त्वाचे साधन ठरले. कारण पुनर्वसनाच्या यादीत नाव असणे वा नसणे यावरच मुंबईत घराचा प्रश्न सुटतो किंवा अडतो.

महिला मिलन आणि घराचा आराखडा : १९८६ च्या सुमारास भायखळ्यातील पदपथवासी बायकांतून महिला मिलन उभे राहिले. वस्तीतलीच एखादी बाई रोज घरोघर फिरून जमेल तेवढी बचत गोळा करते. आजारपण, शाळेची फी किंवा धंद्याचे भांडवल यासाठी त्यातून कर्ज मिळते. रोजच्या या फेरीमुळे कोणाच्या घरी काय अडचण आहे हेही कळते. रेशनकार्ड काढणे आणि पोलीस ठाण्यात जाऊन बोलणे ही कामे बायका स्वतः करू लागल्या. आपल्याला हवे असलेले घरही त्यांनीच आखले : १४ फूट उंचीची खोली आणि तिच्यात पोटमाळा, म्हणजे थोड्या जागेत मोठ्या कुटुंबाची सोय. लाकडी सांगाडा आणि कापड वापरून प्रत्यक्ष मापाचे नमुने उभारण्यात आले, गृहप्रदर्शने भरवण्यात आली आणि अधिकाऱ्यांना तेथे बोलावण्यात आले.

नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशनचे नेते जॉकिन अर्पुथम यांच्यामागे मानखुर्दच्या जनता कॉलनीचा लढा होता. १९७६ मध्ये ती वसाहत पाडून रहिवाशांना चीता कॅम्पला हलवण्यात आले. मोर्चा आणि न्यायालय या मार्गांबरोबरच शासनाशी वाटाघाट करण्याची नीती त्यांनी युतीत रुजवली. १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन धोरणात १ जानेवारी १९९५ पूर्वीच्या पदपथवासीयांनाही २२५ चौ. फुटांच्या घरासाठी पात्र धरण्यात आले. भायखळ्यातील काही कुटुंबांसाठी मानखुर्दला मिलन नगर उभे राहिले.

स्वच्छतागृहे : १९९९ ते २००१ या काळात पुणे महापालिकेचे आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी वस्त्यांमध्ये सामुदायिक स्वच्छतागृहे बांधण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. युतीने त्यात ११४ स्वच्छतागृहे उभारली. स्त्रियांसाठी स्वतंत्र रांग, मुलांसाठी वेगळी लहान शौचकूपे आणि देखभाल करणाऱ्या कुटुंबाला राहायला खोली अशी त्यांची रचना होती. आराखड्यापासून देखभालीपर्यंत वस्तीचा सहभाग हे या कामाचे वैशिष्ट्य.

रेल्वेमार्गालगतचे पुनर्वसन आणि टीका : जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात (एमयूटीपी) रुळांलगतच्या हजारो कुटुंबांचे स्थलांतर झाले. यादी करणे, सोसायट्या स्थापणे आणि स्थलांतर घडवणे ही जबाबदारी स्पार्ककडे होती. बळाचा वापर न करता इतकी कुटुंबे हलवणे ही मोठी कामगिरी होती. परंतु याच प्रकल्पातील रस्त्यांच्या कामांत बाधित झालेल्या रहिवाशांनी व दुकानदारांनी तक्रारी केल्या. बँकेच्या तपासणी मंडळाने २००५ मध्ये पुनर्वसनातील गंभीर त्रुटी दाखवल्या आणि पुरेशी क्षमता न तपासता स्वयंसेवी संस्थांवर एवढा भार सोपवण्यावरही ठपका ठेवला. मार्च २००६ मध्ये बँकेने प्रकल्पाच्या काही भागांचा निधी तात्पुरता थांबवला. शासनाशी जवळीक ठेवणारी संस्था रहिवाशांच्या बाजूने किती ठाम उभी राहू शकते, हा प्रश्नही अभ्यासकांनी विचारला आहे. मानखुर्द-गोवंडीतील पुनर्वसन वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर उजेड आणि वारा पोहोचत नाही. त्याचा क्षयरोगाशी असलेला संबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवला.

प्रसार आणि सन्मान : या अनुभवातून १९९६ मध्ये ‘स्लम ड्वेलर्स इंटरनॅशनल’ हे आंतरराष्ट्रीय जाळे उभे राहिले, दक्षिण आफ्रिकेतील वस्ती संघटनांचा त्यात मोठा वाटा होता. अर्पुथम यांना २००० मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०११ मध्ये शीला पटेल आणि अर्पुथम या दोघांनाही पद्मश्री देण्यात आली. अर्पुथम यांचे २०१८ मध्ये निधन झाले.

मूल्यमापन : पदपथावरची बाई नोंद घेणारी, हिशेब ठेवणारी आणि घराचा आराखडा मांडणारी नागरिक आहे, हे स्पार्क आणि तिच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले. मुंबईच्या गृहनिर्माणाला त्यांनी दिलेली ही सर्वांत मोठी देणगी होय. मात्र डोक्यावर छप्पर मिळाले म्हणजे न्याय पुरा होत नाही, हेही त्यांच्याच कामाच्या मर्यादांनी दाखवले. कामाच्या जागेपासूनचे अंतर, घरातला उजेड-वारा आणि पात्रतेच्या याद्यांवर रहिवाशांचे नियंत्रण या तीन कसोट्यांवर मुंबईतील प्रत्येक पुनर्वसन योजना तपासली गेली पाहिजे.