ख्रिस्तशास्त्राचे मराठी रूप आणि साताऱ्याची ओवी

बायबलाच्या मराठी भाषांतराचा इतिहास बहुधा बंगालमधील श्रीरामपुरापासून सांगितला जातो. तेथे विल्यम कॅरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ साली मोडी लिपीत नवा करार छापला. परंतु महाराष्ट्रापासून इतक्या दूर घडलेली ही भाषा मराठी वाचकास परकीच वाटणार होती. मुंबईत १८१३ पासून राहिलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी स्वतंत्र भाषांतर हाती घेतले व १८२६ मध्ये नवा करार प्रसिद्ध केला. साताऱ्याकडे अमेरिकन मराठी मिशनचे व कोल्हापूर-सांगली-मिरज भागात अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे कार्य पुढे वाढले. या मंडळ्यांपुढे शास्त्र आले ते गद्यात.

वस्तुतः येथेच खरी अडचण होती. शब्दांस प्रतिशब्द मिळतात. पण धर्मग्रंथ कानांनी ऐकणाऱ्या समाजास लय कोठून द्यावयाची? गोव्यात फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्येच ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत रचून याचे उत्तर दिले होते. मिशनच्या भाषांतरकारांनी मात्र तो मार्ग धरला नाही. मुळाशी इमान राखण्याच्या दृष्टीने त्यांचे करणे समजण्यासारखे आहे.

तो मार्ग पुन्हा धरला रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी. १९१७ मध्ये मिशनच्या वेतनाचा त्याग करून ते साताऱ्यास आले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत, हा त्यांचा हेतू. जवळच सज्जनगड, म्हणजे ‘दासबोधा’च्या ओवीचे हे घर. त्यांच्या ‘ख्रिस्तायना’चा छंद ओवीच आहे. १९१९ मध्ये टिळक निवर्तले तेव्हा ग्रंथ अपुरा होता. तो पुढे नेला लक्ष्मीबाईंनी. ज्यांना अक्षरओळख विवाहानंतर झाली, त्यांच्याच लेखणीतून या महाकाव्याचा बहुतांश भाग उतरला, याची नोंद वाङ्मयेतिहासकारांनी पुरेशी घेतलेली नाही.

याच सुमारास केडगावी पंडिता रमाबाई निराळ्या टोकाने याच प्रश्नास भिडल्या होत्या. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर व हिंदू धर्मकल्पनांशी जडलेले शब्द त्यांना नको होते. सामान्य स्त्रीस समजेल अशा मराठीत त्यांनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून संपूर्ण बायबल उतरविले. १९२२ मध्ये त्या वारल्या. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे जो संस्कार रमाबाई गाळू पाहत होत्या, त्याच संस्कारात टिळक आपले शास्त्र मुरवीत होते. माझ्या मते साध्या वाचकाचा कैवार रमाबाईंनी अधिक घेतला. श्रोत्याचा मात्र टिळकांनी.

‘ख्रिस्तायन’ हे भाषांतर नव्हे, म्हणून भाषांतराच्या अभ्यासातून ते वगळण्याची प्रथा आहे. ती सोडावयास हवी. पूर्ण ग्रंथ १९३८ साली छापून निघाला, तेव्हा लक्ष्मीबाईंना जाऊन दोन वर्षे झाली होती.