सव्वादोन इंचांचा इतिहास

पूर्णेत जन्मलेल्या पोराला बाराखडीच्या आधी टाइमटेबल पाठ होते. होणारच! निजामाच्या रेल्वेने हैदराबाद-मनमाड ही मीटर गेजची लाइन टाकली, १९१२ साली आमच्या गावातून हिंगोलीकडे फाटा फोडला, स्वातंत्र्यानंतर तो अकोला-खंडव्यापर्यंत पोचला आणि काचीगुड्याची मीनाक्षी एक्सप्रेस पूर्णेवरून थेट जयपूरकडे धावू लागली. इतर गावांतली पोरे गोट्या जमवायची, आम्ही तिकिटे. पोस्टाची नव्हेत, रेल्वेची. त्या काळची जाड पुठ्ठ्याची.

ती मिळवणे सोपे नव्हते. प्रवास संपला की तिकीट गेटावर टी.सी.च्या हवाली करावे लागे. गर्दीत टी.सी.चा हात चुकवून बाहेर पडलेला एखादा भला प्रवासी सापडला तर "मामा, तिकीट द्या ना" म्हणत थेट टांग्यापर्यंत त्याचा पाठलाग! अशी दोनशे अकरा तिकिटे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आजही माझ्यापाशी आहेत. आमच्या सौ. त्यांना 'पुठ्ठे' म्हणतात.

आता या पुठ्ठ्यांचा इतिहास ऐका. आगगाडी नवी होती तेव्हा विलायतेत कारकून प्रत्येक तिकीट हाताने लिहून देई. रांग लांबत जाई आणि गल्ल्याचा हिशोब बराचसा देवावर हवाला ठेवून होई. टॉमस एडमन्सन नावाचा एक फर्निचर करणारा कारागीर होता. धंदा बुडून त्याचे दिवाळे वाजले आणि १८३६ साली तो मिल्टन नावाच्या लहानशा स्टेशनावर स्टेशनमास्तर झाला. हातात कारागिरी होतीच. त्याने पुठ्ठ्याचे सारख्या मापाचे तुकडे केले, सव्वादोन इंच लांब, आणि त्यांवर ओळीने नंबर घातले. संध्याकाळी शेवटच्या नंबरातून सकाळचा नंबर वजा करायचा, भाड्याने गुणायचे, की गल्ल्यात किती हवेत ते कळले. अहो, म्हणजे हे आमचेच क्लोजिंग! बी.कॉम.ला तीन वर्षे घालवून मी जे शिकलो ते या गृहस्थाने रंधा मारता मारता शोधले. पुढे तारखेचा छाप मारणारे यंत्रही त्याने काढले. खिडकीतून 'खट्' असा जो आवाज यायचा, तो त्या यंत्राचा. रेल्वे कंपन्यांकडून तो मैलामागे वर्षाला दहा शिलिंग घेई आणि त्या पैशातून त्याने जुन्या धंद्यातले सगळे देणे फेडले. एवढ्या एका गोष्टीसाठी तरी त्याचा फोटो प्रत्येक बँकेच्या वसुली विभागात लावावा.

हे सगळे सौ.ना तोंडपाठ आहे. मीच चारदा सांगितले. तरी दिवाळीच्या साफसफाईत डबा खाली येतोच आणि "कामून ठेवायलात हे?" हा प्रश्नही येतो. त्याच डब्यात वीस पैशांची पितळी कमळे आणि पाच पैशांची ॲल्युमिनियमची चौकोनी नाणी आहेत. त्यांच्याविषयी बाईंचे म्हणणे बिनतोड आहे. चार आणे आणि त्याखालची सगळी नाणी सरकारने ३० जून २०११ पासून चलनातून काढली. "सरकारनं टाकून दिलेलं मी सांभाळू होय?"

गाड्यांचेही तेच झाले. २००८ साली पूर्णा-अकोला लाइनवरचा मीटर गेज गेला, मोठे रूळ आले. सोय झाली, तक्रार नाही. पण त्या बुटक्या डब्यांच्या गाडीचा पुरावा म्हणून गावात कुणाच्या घरी काय उरले आहे? आमच्या माळ्यावर दोनशे अकरा पुठ्ठे.

मागे एका लग्नासाठी पुण्याला गेलो तेव्हा मुद्दाम सौ.ना केळकर संग्रहालयात नेले. म्हटले, दिनकर केळकरांचा दाखला दिला की बोलती बंद होईल. चष्म्याच्या दुकानाचा धंदा, वर कविता, आणि आयुष्यभर गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, वज्र्या, खेळणी असल्या वस्तू गोळा केल्या. राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने हे संग्रहालय उभे राहिले. वीस हजारांच्या घरात वस्तू! १९७५ साली त्या सरकारच्या स्वाधीन केल्या. पत्नी कमलाबाईंची या सगळ्यात साथ होती. हे वाक्य मी जरा मोठ्याने म्हणालो.

सौ. काहीच बोलल्या नाहीत. स्वयंपाकघरातल्या जुन्या भांड्यांपुढे मात्र खूप वेळ उभ्या राहिल्या. "असला पितळी डबा आमच्या आज्जीकडं होता. आईनं मोडीत घालून स्टीलच्या ताटल्या घेतल्या." आवाज जरा निराळा होता. माझी आशा पालवली. एवढ्यात त्या पहारेकऱ्याकडे वळल्या.

"भाऊ, एवढं सगळं पुसायला माणसं किती हायेत?"

तो हसला. परतताना रिक्षात त्यांनी विचारले, "त्यांचं सरकारनं घेतलं म्हणलात न्हाई का?"

"हो, पंच्याहत्तर साली."

"मग तुमच्या डब्याचा अर्ज कवा करायलात?"