महूचे दोन कॅप्टन आणि आमचे नाना

आमचं गाव महू. आता डॉ. आंबेडकर नगर म्हणायचं, पण जुन्या माणसांच्या तोंडातून महू काही जात नाही. इंदूरपासून जेमतेम तासाभरावर, छावणीचं गाव. घरात मराठी, गल्लीत हिंदी, आणि मैदानावर दोन्हींतल्या शिव्या. माझे वडील, नाना, रेल्वेत होते आणि मोहल्ल्याच्या हॉकी टीमचे कॅप्टन होते. फुलबॅक खेळायचे. मी त्यांची सायकल धरून बाहेर उभा असायचो.

नानांचं दैवत किशनलाल. महूचेच, जन्म १९१७ चा. राइट आउटला खेळायचे. त्यांची कप्तानी कशी आली हे नाना जेवताना इतक्यांदा सांगत की आई म्हणायची, "अहो, आमटी निवतेय."

तर १९४७ च्या डिसेंबरात आपला संघ पूर्व आफ्रिकेत गेला. तिथल्या लोकांची अट एकच होती, ध्यानचंद असतील तरच या. ध्यानचंद तेव्हा बेचाळीस वर्षांचे. बर्लिनचं सुवर्ण अकरा वर्षं मागे पडलेलं, मध्ये महायुद्ध होऊन गेलेलं, देशाची फाळणी झालेली, आणि कित्येक चांगले खेळाडू सीमेपलीकडे राहिलेले. तरी कॅप्टन तेच, आणि गोलांचा पाऊसही त्यांचाच. त्यांच्या खालोखालची जागा होती किशनलाल यांची. म्हणजे महूचा हा माणूस तो अख्खा दौरा ध्यानचंदांच्या शेजारी राहून बघत होता. नाना म्हणायचे, कप्तानी कागदावर मिळते नंतर, शिकावी लागते आधी.

पुढच्या वर्षी लंडन ऑलिंपिकला ध्यानचंद नव्हते. कॅप्टन किशनलाल, वय एकतीस. उपकप्तान बाराबंकीचे के. डी. सिंग, म्हणजे 'बाबू', तेही आफ्रिकेला जाऊन आलेले. १२ ऑगस्ट १९४८ ला वेम्बलीवर ब्रिटनला ४-० हरवलं. पावसाने मैदानाचा राडा झालेला, तेव्हा किशनलाल आणि बाबू बूट काढून अनवाणी खेळले, हे महूतल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. राइट आउट आणि राइट इन, एकाच बाजूचे दोघे. आणि १९५२ ला हेलसिंकीत कॅप्टन कोण? बाबू. फायनलला हॉलंडवर ६-१. एकाने दुसऱ्याच्या शेजारी खेळून घ्यावी आणि तशीच तिसऱ्याला द्यावी, असं ते तेव्हा जमून गेलं. दरवेळी जमतंच असं नाही.

कारण आमच्या महूचा दुसरा कॅप्टन, शंकर लक्ष्मण. गोलकीपर. बेळगावकर मंडळींना हे नाव जवळचं वाटेल, कारण ते मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. फौजेत शिरले ते बँडवाले म्हणून, १९४७ ला. मेलबर्न, रोम आणि टोकियो अशी तीन ऑलिंपिकं खेळले. दोन सुवर्ण, एक रौप्य. १९६६ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत कॅप्टन तेच. गोलकीपरने भारताचं नेतृत्व करण्याची ती पहिली वेळ. फायनलला पाकिस्तानवर १-० आणि आशियाई स्पर्धेतलं हॉकीचं पहिलं सुवर्ण. गोलात उभा राहणारा माणूस कॅप्टन! महूत पुढे सहा महिने प्रत्येक पोराला कीपर व्हायचं होतं. आमच्या टीमला फॉरवर्ड मिळेनात.

दोन वर्षांनी मेक्सिकोच्या संघात लक्ष्मण नव्हतेच. आणि कॅप्टन होते दोन, पृथिपाल सिंग आणि गुरबक्ष सिंग, जोडीने. दोघेही थोर बॅक, त्यात वाद नाही. पण एका टीमला दोन कॅप्टन? सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाने २-१ हरवलं. १९२८ पासून प्रत्येक ऑलिंपिकची फायनल आपण खेळलो होतो, ती पहिल्यांदा हुकली. कांस्य आलं. हरण्याचं सगळं खापर त्या एका निर्णयावर फोडू नये, दुसरे संघही तोवर शिकले होते. नाना मात्र फोडायचे.

त्याला कारण होतं. त्याच हिवाळ्यात आमच्या टीमची यादी लागली आणि तिच्यावर कॅप्टन म्हणून दोन नावं होती. नानांचं, आणि त्यांच्याखाली एका बावीस वर्षांच्या हाफचं. नानांना कोणी आधी विचारलं नव्हतं. वय अडतीस, गुडघा बोलायला लागलेला, हे सगळ्यांना दिसत होतं, त्यांनाही. तरी ते तीन मॅच गेले नाहीत. स्टिक माळ्यावर गेली. घरात कोणी हॉकीचं नाव काढायचं नाही.

एका संध्याकाळी तो मुलगा घरी आला. दारातच उभा. "दादा, मुझे भी लिस्ट देख के ही पता चला." नाना काही बोलले नाहीत. आईनेच आत बोलावलं, पोहे दिले. तो गेल्यावर ती म्हणाली, "किशनलालच्या गोष्टी पोरांना सांगायच्या, आणि आपण माळ्यावर बसायचं."

रविवारी मी परत सायकल धरून उभा. टॉसची वेळ झाली. दोघंही मध्यभागी निघाले, आणि नाना अर्ध्यातून परत फिरले. पॅड बांधायचं राहिलंय म्हणाले. पॅड दोन्ही पायांना बांधलेलं होतं, मी पाहिलं होतं. तो सीझन ते त्या मुलाच्या हाताखाली खेळले. "दादा, पीछे!" अशी हाक ऐकू आली की घरी येऊन कुरकुर करायचे, "मला शिकवतो, पीछे म्हणे." पण मागे जायचे.

२००६ मध्ये शंकर लक्ष्मण महूतच गेले. बातमी नानांना वाचून दाखवायला त्या दिवशी तोच आला होता, केस पिकलेले, नातू बरोबर.

महू-इंदूरच्या मंडळींकडे त्या काळच्या टीमचे फोटो असतील तर जरूर टाका. आमच्याकडे एकच आहे, आणि त्यात नाना कडेला उभे आहेत.