विज्ञान व गणिताच्या विद्यार्थ्यांना आर्थिक साहाय्य (मुंबई)

मुंबईत पदवी स्तरावर विज्ञान व गणित शिकणाऱ्या गरजू विद्यार्थ्यांना शासन, विश्वस्त निधी, महाविद्यालये, देवस्थाने आणि सार्वजनिक मंडळे यांच्याकडून मदत मिळते. शुल्कमाफी, शिष्यवृत्ती, कर्जशिष्यवृत्ती, पुस्तकपेढी आणि अभ्यासिका ही या साहाय्याची प्रमुख रूपे होत. गिरगावच्या चाळी आणि परळ-लालबागचा गिरणगाव येथील कष्टकरी कुटुंबांतील मुलांच्या उच्च शिक्षणाशी या परंपरेचा निकटचा संबंध आहे.

इतिहास

उद्योगपती जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली जे. एन. टाटा एन्डाउमेंट या निधीची स्थापना केली. परदेशी उच्च शिक्षणासाठी दिलेली रक्कम विद्यार्थ्याने पुढे फेडावी आणि त्यातून नव्या विद्यार्थ्याची सोय व्हावी, हे तिचे तत्त्व आहे. राजा रामण्णा व जयंत नारळीकर हे शास्त्रज्ञ या निधीचे मानकरी होते. पदवी शिक्षणाची पायरी मात्र त्याआधीची असल्याने तेथील गरज या निधीने भागत नसे.

परळच्या चाळीत राहून एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांना सयाजीराव गायकवाड यांच्याकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळत असे. डॉ. आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली तिचे सिद्धार्थ महाविद्यालय मुंबईत सुरू झाले. नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून अस्तित्वात आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार सहभागी झाले. संपानंतर अनेकांचे रोजगार कायमचे गेले. घरातील नियमित पगार थांबल्याने शिकत्या मुलांवर लवकर कमावते होण्याचा भार आला.

विज्ञान शाखेची विशेष अडचण

कला व वाणिज्य शाखांचे विद्यार्थी सकाळी तासांना बसून दिवसा नोकरी करू शकतात. विज्ञान शाखेत प्रात्यक्षिके अनेकदा दुपारपर्यंत चालतात व त्यांची उपस्थिती अनिवार्य असते, त्यामुळे अर्धवेळ नोकरी जुळवणे कठीण जाते. शुल्क माफ झाले तरी प्रयोगवही, ॲप्रन, संदर्भग्रंथ, रेल्वेचा पास आणि न मिळालेली मिळकत हा खर्च उरतोच. गणिताला प्रयोगशाळा लागत नाही. परंतु सलग, निवांत अभ्यासाची जागा लागते आणि एका खोलीच्या बिऱ्हाडात तीच दुर्मीळ असते. म्हणून केवळ शुल्कमाफीपेक्षा निर्वाह भत्ता आणि अभ्यासिका यांना या शाखांत अधिक महत्त्व आहे.

शासकीय योजना

केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००८ साली ‘इन्स्पायर’ कार्यक्रम सुरू केला. त्यातील उच्च शिक्षण शिष्यवृत्तीत गणितासह मूलभूत विज्ञाने शिकणाऱ्यांना वर्षाला ८०,००० रुपये देण्याची तरतूद आहे. यांपैकी ६०,००० रुपये थेट विद्यार्थ्याला मिळतात, तर २०,००० रुपये उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी असतात. अभियांत्रिकी व वैद्यकीय अभ्यासक्रम या शिष्यवृत्तीत मोडत नाहीत. १९९९ साली सुरू झालेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना २०२२ मध्ये इन्स्पायरमध्ये विलीन करण्यात आली. राज्य शासनाच्या शुल्क प्रतिपूर्तीच्या व शिष्यवृत्तीच्या योजनांसाठी महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो.

अणुऊर्जा विभागाने १९८३ साली राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळ स्थापले. त्याच्या अर्थसाहाय्याने १९९३ पासून गणिताची उन्हाळी प्रशिक्षण शिबिरे भरू लागली. मुंबई विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक एस. कुमरेसन यांनी ती सुरू केली. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ साली पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञानातील राष्ट्रीय उपक्रम सुरू केला.

स्थानिक साहाय्य

प्रभादेवीच्या श्री सिद्धिविनायक गणपती मंदिर न्यासाची पुस्तकपेढी विद्यार्थ्यांना वर्षभरासाठी पाठ्यपुस्तके देते. लालबागचा राजा सार्वजनिक गणेशोत्सव मंडळही पुस्तकपेढी व ग्रंथालय चालवते. काही महाविद्यालयांत ‘कमवा व शिका’ योजनेखाली ग्रंथालयात किंवा कार्यालयात काम देऊन मोबदला दिला जातो. काम महाविद्यालयातच असल्याने प्रात्यक्षिके बुडत नाहीत.

मर्यादा

इन्स्पायर शिष्यवृत्तीसाठी बारावीच्या मंडळ परीक्षेतील सर्वोच्च एक टक्क्यात येणे हा मुख्य निकष आहे. शिकवणी परवडत नसलेला, पण विषयाची खरी ओढ असलेला विद्यार्थी या निकषाने बाहेर राहू शकतो. अनेक योजनांची रक्कम खात्यावर जमा होण्यापूर्वीच पुस्तके, शुल्क आणि प्रवास यांचा खर्च करावा लागतो. पहिल्या सत्रातच शिक्षण सुटू नये यासाठी जून-जुलैत मिळणारी छोटी मदत मोलाची ठरते. ही उणीव प्रामुख्याने पुस्तकपेढ्या व महाविद्यालयांचे विद्यार्थी साहाय्य निधी भरून काढतात.

हेही पाहा

सिद्धार्थ महाविद्यालय, मुंबई
होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र
गिरणगाव