बैठक : विद्येची आणि तालमीची

(१) जुन्या हस्तलिखितांचे संग्रह ज्यांनीं हाताळले आहेत त्यांस पोथीच्या अखेरीस येणारा एक श्लोक परिचयाचा असेल. लिपिकार त्यांत सांगतो कीं, पाठ, कंबर व मान मोडून, दृष्टि एका जागीं खिळवून आणि मुख खालीं घालून हा ग्रंथ मोठ्या कष्टानें लिहिला आहे. तरी तो यत्नानें जतन करावा. तेल, पाणी व सैल बंधन यांपासून पोथी राखा, असें विनविणारा दुसरा श्लोक आपण आस्थेनें वाचतों. या पहिल्या श्लोकाकडे मात्र ठराविक समाप्तिवाक्य म्हणून पाहून पुढें जातों. वस्तुतः बैठ्या विद्याव्यवसायाचा देहावर काय परिणाम होतो याविषयींची ती साक्ष आहे, आणि ती कोण्या एका गांवची किंवा एका शतकाची नाहीं. शाळकरी मुलांचें बैठें जीवन आणि त्यांची अभ्यासांतील प्रगति यांचा परस्परांशीं संबंध काय, हा प्रश्न आज जगभर विचारला जात आहे. त्या प्रश्नाचा आमच्याकडील पूर्वेतिहास थोडक्यांत मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

(२) प्रथम शब्दांचा विचार करूं. मराठींत 'बैठक' म्हणजे बसण्याची जागा. 'बैठक' म्हणजे एका आसनावर दीर्घकाळ टिकून काम करण्याची शक्ति. आणि जोरांबरोबर तालमींत काढावयाची तीहि बैठकच. बसणें आणि बसून उठणें हीं दोन्ही एकाच शब्दांत नांदत आहेत. संस्कृतांत याहून सूक्ष्म भेद केलेला आढळतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत, सहाव्या अध्यायांत, प्रमेहाचीं कारणें सांगतांना आरंभींच 'आस्यासुख' म्हणजे बसण्याचें सुख गणलें आहे, व त्यालाच लागून निद्रेचें सुख. येथें 'सुख' हें पद दृष्टीआड करतां येत नाहीं. दोष नुसत्या आसनाला दिलेला नसून आसनाच्या सुखाला दिलेला आहे. पोथी लिहिणाऱ्याची बैठक कष्टाची, प्रमेह्याची बैठक सुखाची. दोघेहि बसलेलेच, परंतु शास्त्रकारानें त्यांना एका पंक्तीस बसविलें नाहीं. हा भेद पुढील विवेचनांत उपयोगी पडेल.

(३) मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत ब्रह्मचाऱ्यानें समिधा आणाव्या, भिक्षा मागावी, गुरूची सेवा करावी असे नियम आहेत. चौथ्यांत अनध्यायाचे दिवस व प्रसंग सांगितले आहेत. हे नियम शरीरस्वास्थ्यासाठीं केले होते असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांचें प्रयोजन धार्मिक होतें. तथापि त्यांच्या योगानें विद्यार्थ्याचा दिवस एका आसनावर सरत नसे, हा परिणाम नाकारतां येणार नाहीं. महाराष्ट्रांत समर्थ रामदासांचें उदाहरण लक्षांत घेण्यासारखें आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेविषयीं आहे; अक्षर कसें काढावें याचा इतका बारकाईचा विचार त्यांत आहे कीं तो लिपिकारांचा पाठच म्हणावा. आणि याच पुरुषानें ठिकठिकाणीं मारुतीची स्थापना केली व तो स्वतः नित्य सूर्यनमस्कार घालीत असे, असें संप्रदायाची परंपरा सांगते. लेखणी व बलोपासना हीं दोन त्याच्या मतें दोन निराळ्या माणसांचीं कामें नव्हतीं.

(४) पुढें पंतोजींच्या शाळा आल्या. धुळपाटीवर अक्षरें गिरवावीं, पाढे, पावकी, निमकी, पाउणकी, औटकी घोकावी, सायंकाळीं परवचा म्हणावा, हा क्रम बहुतेकांस ठाऊक आहे. बैठक भुईवर असे. या शाळांतील एका शिक्षेकडे मात्र इतिहासकारांनीं पुरेसें लक्ष दिलेलें नाहीं; ती म्हणजे उठाबशा. तालमींत ज्या क्रियेला बैठक म्हणत व जी वस्तादापुढें अभिमानानें काढीत, जवळजवळ तीच क्रिया शाळेंत कान धरून, अपराधाबद्दल करावी लागे. तालीम व शाळा हीं दोन घरें वेगळीं झाल्याचा याहून बोलका पुरावा आम्हांस दुसरा दिसत नाहीं. ज्या मुलास देह हलविणें म्हणजे दंड असें शाळेनें शिकविलें, त्यास विद्येचा व व्यायामाचा स्नेह कोठून कळावा? मात्र त्या काळचा मुलगा शाळेबाहेर शेतांत, नदीवर व आखाड्यांत हिंडत असे. म्हणून शाळेची ही उणीव घरीं भरून निघे.

(५) १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें व १८५९ सालीं पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. तेव्हांपासून परीक्षा हें विद्येचें माप ठरलें आणि घरचा वेळहि पुस्तकानें व्यापला. या काळांतील लोकमान्य टिळकांची गोष्ट सर्वश्रुत आहे. १८७२ सालीं मॅट्रिक झाल्यावर डेक्कन कॉलेजांतील पहिलें वर्ष त्यांनीं कुस्ती, पोहणें इत्यादि व्यायामांत घालविलें. त्या वर्षींच्या परीक्षेंत त्यांस यश आलें नाहीं. पुढें १८७६ सालीं ते पहिल्या वर्गांत बी. ए. झाले. व्याख्यानांतून ही गोष्ट व्यायामाचें फळ म्हणून सांगतात. परंतु साक्ष सबंध घ्यावी. व्यायामानें एक वर्ष घेतलें, हेंहि तींतच आहे. आणि १९०८ ते १९१४ या मंडालेच्या कारावासांत, जेथें त्यांनीं गीतारहस्य लिहिलें, तेथें त्यांस मधुमेह जडलेला होता, हेंहि तिच्याच पुढचें पान आहे. एका थोर पुरुषाच्या चरित्रावरून सर्वांचा नियम बांधूं नये.

(६) हीच सावधगिरी उलट बाजूसहि हवी. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ सालीं बत्तिसाव्या वर्षीं वारले; कोशकार वामन शिवराम आपटे १८९२ सालीं, पस्तिशीच्या आंत; काशीनाथ त्र्यंबक तेलंग १८९३ सालीं ४३ व्या वर्षीं; आगरकर १८९५ सालीं, चाळिशी न गांठतां. ही यादी वाचून 'विद्येनें माणसें मारलीं' असें वाटणें स्वाभाविक होतें, आणि तसें बोललेंहि जाई. परंतु आगरकरांस दम्यानें फार दिवस ग्रासलें होतें. आणि पहिल्याच मॅट्रिकला उत्तीर्ण झालेले डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर जन्मभर ग्रंथांत बसून १९२५ पर्यंत, ८८ वर्षें जगले. न्यायमूर्ति रानडे यांनीं १८९४ सालीं पदवीधरांच्या अकालमृत्यूवर जो निबंध वाचला, त्याची थोरवी येथें दिसते. त्यांनीं शोकाची यादी न करितां आंकडे मांडले व हिंदु पदवीधरांची पारशी पदवीधरांशीं तुलना केली. पारशांत मृत्यूचें प्रमाण कमी आढळलें. परीक्षा एक, बांकें एक, आणि परिणाम निराळे. यावरून आम्हांस असें वाटतें कीं, केवळ अभ्यासाच्या बैठकीस दोष देऊन भागत नाहीं. त्या बैठकीच्या मागचें घर, अन्न व दिनचर्या यांची चौकशी करावी लागते.

(७) विसाव्या शतकांत तुटलेला सांधा जोडण्याचे प्रयत्न झाले. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालीं निघालें. पुण्याचें महाराष्ट्रीय मंडळ व लोणावळ्याचें कैवल्यधाम हीं दोन्ही १९२४ सालीं. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं संस्थानच्या शाळांतून सूर्यनमस्कार चालू केले. म्हणजे उठणें-वांकणें पुन्हां शिक्षेंतून काढून पाठांत घातलें. आधुनिक संशोधनहि याच दिशेनें जातें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालच्या मार्गदर्शनांत ५ ते १७ वर्षांच्या मुलांनीं दररोज सरासरी ६० मिनिटें मध्यम ते जोरकस हालचाल करावी असें सांगितलें असून, तिचा लाभ अभ्यासासहि होतो असें नमूद केलें आहे. बसण्याचा काळ, विशेषतः करमणुकीसाठीं पडद्यापुढें बसण्याचा काळ, कमी करण्यासहि तींत सांगितलें आहे. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या समालोचनांत दूरचित्रवाणी पाहणें व पडद्यावरील खेळ यांचा वाढता काळ आणि अभ्यासांतील घट हीं बरोबर चाललेलीं दिसलीं. पडद्यापुढील सरसकट सर्व काळाविषयीं मात्र तसें म्हणतां आलें नाहीं. एक गोष्ट दुसरीबरोबर आढळली म्हणून ती तिचें कारण ठरत नाहीं, हा विवेक तेथेंहि पाळावयाचा आहे. तरी चरकाचा 'सुख' शब्द येथें पुन्हां आठवतो.

(८) तात्पर्य इतकेंच कीं, बसलेला मुलगा पाहून त्याची स्तुति किंवा निंदा करण्यापूर्वीं तो कशासाठीं बसला आहे आणि तेथून केव्हां उठणार आहे, हे दोन प्रश्न विचारावे. आमच्या संग्राहक बंधूंस मात्र एक विनंति आहे. जुन्या दप्तरांत मुलांचे गिरवलेले खर्डे, पाढ्यांचे कागद, पंतोजींच्या हिशेबाचे चिठोरे निघतात, आणि ग्रंथ नव्हे म्हणून ते रद्दींत जातात. पोथीच्या शेवटीं लिपिकार आपली पाठ मोडल्याचें सांगतो. मुलास तसें लिहिण्याची सोय नव्हती. त्याची दिनचर्या अशाच कागदांवरून काढावी लागेल. तरी त्यांवरील तिथि, सुट्ट्यांच्या खुणा व समासांतील नोंदी उतरून घ्याव्या व ते कागद पोथ्यांइतक्याच यत्नानें राखावे.