जलसंस्करण कंत्राटदाराचा परवाना (कॅलिफोर्निया)

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, पाण्याची दुष्फेनता घालविणारी व तत्सम संस्करणाची यंत्रे बसविण्याचा मक्ता घेणाऱ्यास, १९२९ साली स्थापन झालेल्या राज्य कंत्राटदार परवाना मंडळाकडून ‘सी-५५’ वर्गाचा परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी पात्र ठरणारी व्यक्ती किमान १८ वर्षांची, गेल्या १० वर्षांत कुशल कारागिराच्या दर्जाचे ४ वर्षे काम केलेली आणि कायदा व कसब या दोन्ही विषयांच्या परीक्षा उत्तीर्ण झालेली असावी, असा दंडक असून, शिवाय २५,००० डॉलरांचा जामीनरोखा दाखल करावा लागतो. यंत्र जोडण्यापुरतेच नळकाम या परवान्याने करता येते. सदोष जोडणीतून दूषित पाणी पिण्याच्या नळात उलटे शिरू शकते, हे ध्यानी घेता ही मर्यादा सर्वथा उचित होय. परवान्याची मुदत २ वर्षांची असते.